तळ्याच्या दगडांची आगटी

मित्रांनो, सांदवाडीत पेरूच्या झाडापासून चार पावलांवर राखेनं अर्धा भरलेला एक गोल खड्डा आहे. दुपारी त्यात कोंबड्या अंग घोळतात. घरी आलेला नवखा पाहुणा हटकून त्यातच पाय घालतो आणि मग उगाच दुसरीकडे पाहत पाय झटकतो. तो खड्डा म्हणजे मी. तुम्ही शेकोटी म्हणत असाल, आमच्या दिघोरीत मला आगटी म्हणतात. घराच्या मागच्या या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात, एवढं लक्षात ठेवा म्हणजे पुढे अडणार नाही.

मी काही फार मोठी असामी नाही. पण माझ्याजवळ एक गोष्ट आहे, जी जगात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही. मला तोंड असतं तर ती मी एकाच माणसाला सांगितली असती. ते जमलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मला बांधलं तुलाराम कापगते यानं, १९७४ सालच्या हिवाळ्यात. धानाची कापणी आटोपली होती आणि सकाळी गवतावर दव असं पडायचं की अनवाणी माणूस उड्या मारत चालायचा. तुलारामला एकच मुलगी, तुळसा. सतरा वर्षांची, बोलकी, जरा आगाऊच. तिला पाहायला मोहाडीकडचे पाहुणे येणार होते. एवढ्या थंडीत पाहुण्यांना बसवायचं कुठं, हा विचार तुलारामच्या डोक्यात शिरला आणि एकदा त्याच्या डोक्यात काही शिरलं की घरच्यांची सुटका नसे.

"ऐसी आगटी बांधतो का पाहुने उठाचं नाव घेनार नाही," तो म्हणाला.

त्यानं सांदवाडीत वारा कुठून येतो ते मूठभर कोंडा उडवून पाहिलं. गोठा आणि तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग वाऱ्याच्या उलट बाजूला राहील अशी जागा धरली. मधे खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि दोरी ताणून काडीनं गोल आखला. मग कुदळ घेतली. दीड हात खोल खणून तळाला मुरूम टाकला, तो धुम्मसानं ठोकला आणि वर राखेचा थर दिला. वाऱ्याच्या बाजूनं हवा शिरायला वीतभर फट ठेवली. सगळं शास्त्रशुद्ध. माझ्या बांधणीत कोणी खोड काढावी असं काही नव्हतं, फक्त दगड सोडून.

तुलारामची बायको ताराबाई शांत होती, कामापुरतं बोलायची. ती म्हणाली, "खदानीतले दगड आना न जी. शेजारच्या धनीरामच्या घरची आगटी खदानीच्या दगडाची हाये. पाच वर्सं झाली, काई झालं नाही तिले."

"धनीरामची आगटी!" तुलाराम हसला. "तिच्याजवळ बसाले मानसाले लाज वाटते. मी तळ्याचे दगड आनतो. माह्या आज्याच्या हातचे."

आता हे तळ्याचं प्रकरण सांगायला हवं. तुलाराम कोहळी. कोहळी म्हणजे तळी बांधणारी माणसं. गावचं तळं त्याच्या वाडवडिलांनी बांधलेलं, आणि त्याचा अभिमान त्याच्या नाकावर बसलेला असे. तळ्यातलं पाणी शेतात सोडायच्या दगडी मोरीला तुडूम म्हणतात. गावानं त्या तुडुमाची दुरुस्ती केली होती आणि जुने दगड कधीपासून खालच्या पाण्यात पडून होते. गोल, गुळगुळीत, काळेशार. तीन पिढ्या पाण्याचा मार खाऊन ज्याचा टवका उडाला नाही त्याला आग काय करणार, असा तुलारामचा हिशेब.

"पान्यातले दगड आगीले चालतेत का?" ताराबाईनं विचारलं.

"नवं गाडगं तू आंधी पान्यात भिजवते का नाही? भिजवल्याबिगर चुलीवर ठेवलं त तडकते. मंग दगडाचं काय येगळं?"

ताराबाई आपल्या कामाला वळली. खरं म्हणजे मलाही त्याचं म्हणणं पटलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्या काळ्या दगडांचा मला मोह पडला होता. बैलगाडीतून ते उतरले तेव्हा त्यांच्यावरून अजून पाणी गळत होतं. माती आणि कोंडा पायानं तुडवून तुळसानं चिखलाचा गारा करून दिला, तुलारामनं एकेक दगड निरखून बसवला. तुळसा कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"बाबा, आगटी बांधून राहिले का देवीचा ओटा?"

"तुह्यासाठीच बांधून राहिलो न पोरी. उद्या सासरी गेल्यावर म्हनशील, माह्या बाबाची आगटी पाहा."

पुढचे चार दिवस संध्याकाळी माझ्यात लहान जाळ पेटला. तुराट्या, गोवऱ्या, कधी बोरीच्या काटक्या. राखेत रताळी पुरली, वांगी भाजली. दगड तापले की आतून बारीक चर्र आवाज यायचा. तुलाराम कान देऊन ऐकायचा आणि कौतुकानं म्हणायचा, "दगड बोलून राहिला." मित्रांनो, दगड खरोखरच बोलत होता. त्याच्या पोटात पाणी अडकलं होतं आणि त्याला बाहेर यायला वाट नव्हती. हे मला तेव्हा कळलं नाही, त्यालाही कळलं नाही.

पाहुणे आले ते मार्गशीर्षातल्या एका सकाळी. मुलाचे वडील मारोतराव, पांढऱ्या धोतरातले सज्जन गृहस्थ, आणि त्यांच्यासोबत दोघं-तिघं. तुलारामनं त्यांना माझ्याभोवती पाट देऊन बसवलं आणि त्या दिवशी लहान जाळावर त्याचं समाधान होईना. बाभळीचा अख्खा बुंधा त्यानं माझ्यात लोटला. मी कधी नव्हे अशी धडधडून पेटले. मारोतरावांनी हात पुढे केले आणि म्हणाले, "वा जी तुलारामजी, आगटी म्हनावं त हे." तुलारामची छाती फुगली. माझी पण फुगली. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी.

तुळसा चहा घेऊन आली. नवं पातळ, डोक्यावर पदर, नजर खाली. मारोतरावांना कपबशी देण्यासाठी ती वाकली, आणि तेवढ्यात माझ्या कडेचा एक दगड फुटला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. पेरूवरचे पोपट एकदम उडाले. टवके चहूकडे गेले. एक मारोतरावांच्या फेट्याला चाटून गेला, एक गोठ्याच्या दारावर आपटला आणि एक तुळसाच्या डाव्या डोळ्यात शिरला.

त्यापुढचं मला नीट सांगवत नाही. कपबशी माझ्या राखेत पडली होती. तुलाराम लेकीला उचलून गाडीकडे धावत होता आणि बैल जुंपायचं भान नसल्यामुळे नुसतंच जू उचलत होता.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ती बावीस दिवस होती. डॉक्टरांनी होईल तेवढं केलं, पण डोळा गेला. मारोतरावांनी कधी वाईट शब्द काढला नाही. ते फक्त पुन्हा आले नाहीत.

तुळसा घरी आली त्या दिवशी तुलाराम लोखंडी सब्बल घेऊन माझे दगड उपटत होता. हाताची सालटं निघाली होती तरी थांबत नव्हता. डोळ्यावर पट्टी बांधलेली तुळसा माझ्या काठाशी येऊन उभी राहिली. तिला खूप काही बोलायचं असेल. ती एवढंच बोलली.

"मायनं सांगतलं होतं. एकडाव आयकलं असतं त माहा डोळा राह्यला असता."

तुलारामनं मान वर केली नाही. दगड गाडीत भरले, तळ्यावर नेले आणि जिथून आणले होते तिथं पाण्यात टाकून दिले. त्या दिवसापासून त्यानं लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. राग नव्हता, मित्रांनो. त्याला पाहवतच नव्हतं. आणि तुळसाला वाटलं, आपण बोललो ते बाबांना लागलं. तेही खरंच होतं.

माझं काय झालं म्हणाल, तर उकिरडा झाला. फुटक्या बांगड्या, चुलीतली राख, पेरूची सडकी फळं. पावसाळ्यात बेडकं राहायला यायची. मला त्याचं फार दुःख नव्हतं. ज्या आगटीनं घरच्या लेकीचा डोळा घेतला तिला आणखी कुठं बसवणार?

घरात बापलेक एकमेकांशी ताराबाईच्या तोंडून बोलू लागले. "तिले म्हना जेवून घे." "बाबाले म्हना, पानी तापलं." पाच वर्षं असं चाललं. मग १९७९ साली ताराबाई तापानं गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिची खाट उन्हाला म्हणून सांदवाडीत आणली होती, त्यामुळे तिचे शब्द मी ऐकले.

"माह्यामांगं कोनाच्या तोंडून बोलान तुमी दोघं?"

दोघंही तिच्या पायाशी बसून होती. तुळसा तिचे पाय चोळत राहिली.

त्यानंतर तुलाराम बैलाशी बोलू लागला. तुळसा अंगणात असली की तो गोठ्यात मोठ्यानं म्हणायचा, "उद्या लाखांदूरले जातो रे बा, दुपारी येतो." बैल बिचारा रवंथ करत ऐकून घ्यायचा. तुळसा दुपारची भाकर झाकून ठेवायची. बाहेरच्याला हसू आलं असतं. मला रडू यायचं, पण राखेला कसलं रडू.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुळसानं एक काम केलं. ती रोज खदानीवर जायची आणि डोक्यावर एकेक दगड घेऊन यायची. ते दगड तिनं वैशाखभर उन्हात पसरून ठेवले, रोज उलटवले, मग पावसाळाभर पडवीत कोरडे ठेवले. हिवाळा आला तसा तिनं मला उकरून स्वच्छ केलं, तळाला मुरूम टाकला आणि ते दगड स्वतः बसवले. तिची बांधणी बापाइतकी सफाईदार नव्हती. पण एकही दगड आजवर तडकला नाही.

पहिल्या दिवशी जाळ पेटवून ती घराकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, आगटी पेटवली. या न शेकाले."

तुलाराम पुढच्या दारानं शेतावर निघून गेला.

तिला त्याला फक्त शेकायला बोलवायचं नव्हतं. मागं बोललेला तो एक शब्द तिला परत घ्यायचा होता, आणि घरात समोरासमोर ते जमत नव्हतं. जाळासमोर बसलं की माणसाला एकमेकांकडे न पाहता बोलता येतं, हे तिला कळलं होतं. म्हणून ती रोज सकाळी मला पेटवायची, एकदा हाक मारायची आणि वाट पाहायची. ऊन वर आलं की उठून कामाला लागायची. एक हिवाळा गेला. दुसरा गेला. तुलाराम आता साठीला आला होता, छातीत घरघर होती, हात गारठून निळे पडायचे. तरी तो येईना.

निदान तिला तसं वाटत होतं.

मित्रांनो, तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मी त्याला पाहिलं. तुळसा नेहमीसारखी कुडाला पाठ लावून माझ्यासमोर बसली होती. तिच्या डाव्या हाताला तुराट्यांचा ढीग आणि त्यामागे गोठ्याचं दार. त्या दारातून तुलाराम अनवाणी बाहेर आला, ढिगाच्या कडेला उकिडवा बसला आणि त्यानं हात माझ्या दिशेनं पुढे केले. तुळसापासून तो जेमतेम तीन हातांवर होता. पण ती तिची डावी बाजू होती. त्या बाजूला तिला काहीच दिसत नव्हतं, आणि मान वळवून पाहायची सवय तिची केव्हाच मोडली होती.

ज्या डोळ्याकडे त्याला पाहवत नव्हतं, त्याच डोळ्याच्या आडोशाला तो येऊन बसला.

मग तो रोज येऊ लागला. तिनं घराकडे हाक मारली की थोड्या वेळानं गोठ्याच्या दारानं यायचा. घटकाभर शेकायचा, तिच्याकडे पाहायचा आणि ती हलायच्या आधी निघून जायचा. खोकला आला तर दुपट्टा तोंडात कोंबायचा. एकदा तो आवरला नाहीच. तुळसा म्हणाली, "बैल खोकलून राहिला वाटते." आणि पुन्हा जाळ नीट करू लागली. मी माझ्या परीनं खूप प्रयत्न केले. ठिणग्या त्या बाजूला उडवल्या, धूर त्याच्या तोंडावर सोडला, म्हणजे तो शिंकेल तरी. पण धूर वाऱ्याचं ऐकतो, माझं ऐकत नाही.

असे तीन हिवाळे गेले. आला तो १९८५ चा डिसेंबर.

त्या सकाळी थंडी फार होती. तुळसानं हाक मारली, वाट पाहिली, आणि मग कोण जाणे काय वाटलं तिला, ती माझ्याकडे पाहून मोठ्यानं बोलू लागली. बाबा आले तर काय बोलायचं, त्याची ती तालीम करत होती.

"बाबा, त्या दिवशी मी रागात बोलली. दगड का कोनाले सांगून फुटते? तुमी त माह्यासाठीच बांधली होती आगटी. मले सगळं समजते. माहा काई राग नाही तुमच्यावर, कधीचाच नाही. आता मनात नोका ठेवू." ती स्वतःशीच हसली. "नाही, असं नोको. येवढं आयकून रडतीन ते."

तुलाराम तीन हातांवर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं.

त्याचं तोंड मला दिसत होतं. अकरा वर्षांत तसं तोंड मी पाहिलं नव्हतं. दुपट्टा तोंडाशी धरून तो हलत होता, आवाज मात्र करत नव्हता. मग तो उठला. तिच्या डाव्या बाजूनं अगदी जवळ आला. हात त्यानं तिच्या डोक्यावर ठेवायला पुढे केला. हात पदरापासून वीतभर अंतरावर आला आणि तिथंच राहिला. माझा जाळसुद्धा बसला होता. कदाचित त्याला वाटलं असेल, आपण चोरून ऐकलं हे तिला कळेल. कदाचित वाटलं असेल, उद्या घराच्या दारानं यावं, समोरून यावं, रीतसर पाटावर बसावं. मला वाटतं असंच असावं, कारण गोठ्यात गेल्यावर तो बैलाला म्हणाला, "उद्या बोलतो रे बा. उद्या नक्की बोलतो."

दुसऱ्या दिवशी त्याला ताप होता. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून तो लाखोळीचं पीक पाहायला शेतावर गेला आणि बांधाला टेकून बसला तो बसलाच. बराच वेळ लोकांना वाटलं, म्हातारा ऊन खात आहे. धनीरामनं जवळ जाऊन हाक मारली तेव्हा कळलं.

तेरवीच्या आदल्या दिवशी तुळसानं सांदवाडी सारवायला घेतली. शेजारची उषाबाई मदतीला होती. सारवता सारवता तुळसा तुराट्यांच्या ढिगाजवळ आली. तिथं जमिनीत दोन लहान खळगे पडले होते. तीन हिवाळे रोज एकाच जागी उकिडवं बसून तुलारामच्या टाचांनी पाडलेले. तुळसानं ते हातानं चाचपले.

"कोंबड्यांनी पाहा कसं उकरलं," ती म्हणाली. आणि शेणमातीचा गोळा घालून दोन्ही खळगे तिनं बुजवले, वरून हात फिरवून गुळगुळीत केले.

उषाबाई म्हणाली, "लय सोसलं वं तू बाई."

तेव्हा तुळसा रडली. शेणाचे हात तसेच धरून रडली. "पाच वर्सं आगटी पेटवली मी बाबासाठी. एक दिवस नाही आले वं माहे बाबा. मले एकच गोष्ट सांगाची होती त्याईले. तेवढी राहून गेली."

मी तिच्यासमोरच होते. माझ्यात तेव्हा निखारे होते, ऊब होती, सगळं होतं. बोलणं तेवढं नव्हतं.

त्याला आता तीन वर्षं झाली. तुळसा अजूनही हिवाळ्यात सकाळी मला पेटवते. हाक मारत नाही. शेजारणी येतात, शेकतात, आगटी छान बांधली म्हणतात. ती आपली उजवीकडच्यांशी बोलत राहते.

मित्रांनो, माझ्यासारखी आगटी कधी बांधलीत तर दगड कोरडा घ्या, पाण्यातला घेऊ नका, कितीही देखणा असला तरी. तेवढं केलंत तर कोणाचा डोळा जाणार नाही. पण माझी दुसरी विनंती त्याहून मोठी आहे. कोणाला क्षमा केली असेल तर ती आगीला सांगत बसू नका, त्या माणसाला गाठून सांगा. आणि तुमच्या कानावर कोणाची क्षमा पडली असेल, चोरून का होईना, तर तशीच पुढे या आणि ऐकलं म्हणून सांगा. उद्यावर टाकू नका.

तुलारामनं ऐकलं होतं. तुळसाला हे कोणी सांगणार नाही.